वास न घेतलेला मोगरा

फुलांचा वास ज्याने कधीच घेतला नाही असा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच होता, आणि तो ब्रह्मपुरीत देवळापुढे टोपली मांडून फुलं विकत असे. हे आमच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, आमचे काकाजी. देवाआधी हुंगलेलं फूल उष्टं, हा नेम सगळ्यांनाच ठाऊक असतो. काकाजींनी तो नाकावर बांधला होता. मोगऱ्याच्या दिवसांत ते दुपट्ट्याने नाकतोंड गुंडाळून माळा ओवत, तेव्हा परगावचा माणूस गावात साथ आली समजून मागे सरे. गिऱ्हाइकाचं नाक टोपलीकडे झुकलं की त्यावर ओलं फडकं बसलंच. एकदा ते नव्या फौजदारांच्या नाकावर बसलं. "साहेब, देवाच्या ताटात तुमी पह्यले जेवता काय?" फौजदार हार घेऊन मुकाट देवळात गेले. पहिल्या निवडणुकीत तर काकाजींनी उमेदवारांना हारच दिले नाहीत. माणसाच्या गळ्यातला हार नाकाच्या फार जवळ असतो म्हणून.

सर्दी झालेल्या गिऱ्हाइकावर मात्र त्यांचा भारी जीव. त्याला टपोरी फुलं मिळत. आता सांगून टाकतो, माझी सर्दी वर्षानुवर्षं बरी झाली नाही ती त्यामुळेच. टोपलीपुढे शिंकायचं आणि वळणावर गेलं की पुडीत नाक खुपसायचं. आमच्या घरच्या देवाने किती उष्टी फुलं गोड मानून घेतली, त्याचं त्यालाच माहीत.

फुलारी या शब्दाचा उगम काकाजी रोज नवा सांगत. एका गुरुजींनी "फुलांचे हार करतो तो फुलारी" असं सांगितलं, तर म्हणाले, "मंग ज्या दिवशी हार नाई केला, त्या दिवशी मी कोन?" कधी म्हणत, फुलांचा अरी, म्हणजे वैरी, रोज सकाळी खुडतो ना. एकदा असंच व्याख्यान चाललेलं असताना काकी चुलीपाशी भाकर थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्याच्या बायकोच्या केसात कधी फूल नसते, तो फुलारी." आम्ही हसलो. काकाजी हसले नाहीत. टोपलीतलं सारं देवाचं, तिथून घरात पाकळीसुद्धा येत नसे. त्या दिवसापासून त्यांनी अर्थ सांगणं सोडलं.

पुढे बोटं थरथरायला लागली, गाठ बसेना. टोपली पुतण्याकडे गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी काकाजी त्याच्याकडून गिऱ्हाइकासारखे गजरा घेऊन घरी आले. मी तिथेच होतो.

"आता केस उरले कुठी?" काकी म्हणाल्या.

"हायेत तेवढ्यात बसते."

त्यांनी तो पांढऱ्या अंबाड्यात खोवला, आणि नाक गजऱ्यापाशी नेऊन तिथेच वाकून राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे वळले.

"जवाई, तुमी सर्दीच्या बहान्यानं हे घेऊन जात होते काय?"

मी मान खाली घातली.

"बरं केलं," ते म्हणाले. "कोनी तं घेतला."