माझ्यासाठी झालेली प्रार्थना

विज्ञान मी शाळेत इंग्रजीतून शिकले आणि देव चर्चमध्ये मराठीतून. दोघांची माझ्या डोक्यात बरीच वर्षं गाठच पडली नाही. ती पडली जळगावला भूगर्भशास्त्र शिकायला लागल्यावर, आणि तीही माझ्याच धुळ्याजवळ, कॉलेजच्या सहलीत. शेतांतून आडव्या जाणाऱ्या काळ्या दगडी भिंती मी लहानपणापासून बसमधून पाहत होते. सर म्हणाले, जमिनीच्या भेगांत लाव्हा भरला, थिजला. आजूबाजूचं झिजून गेलं आणि भिंत उरली. याला कोट्यवधी वर्षं झाली. मी हात लावला. दगड उन्हाने तापलेला होता.

शनिवार-रविवार मी घरी यायचे आणि चर्चमध्ये लहान मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घ्यायचे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या मुलांसमोर फुटायचा. त्या रविवारी धडा सृष्टीच्या सहा दिवसांचा निघाला. वर्ग सुटल्यावर मी पाळकांच्या पत्नीला गाठलं. त्यांना मी कळत्या वयापासून मावशी म्हणते.

"मावशी, ते सहा दिवस आणि दगडाची कोट्यवधी वर्षं, दोन्ही खरं कसं असेल, मला कळत नाही. देव आहे असं वाटतं. पण मुलांना काय सांगू?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वेडे, एवढंच ना? हे आपल्या दोघींत."

पुढच्या शनिवारी एका घरी प्रार्थनासभा होती. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची पोलीस भरती, असे विषय झाले. मग मावशी म्हणाल्या, "आपली एक लेक कॉलेजात जाऊन विश्वास गमावतेय. नाव घेत नाही."

कॉलेजात जाणारी त्या खोलीत मी एकटीच होते. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडेच ठेवले. मावशींच्या गालांवर पाणी होतं, आणि ते खरं होतं. खोटं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

पिंपळनेरकडच्या एक आजी चिवड्याची बशी माझ्या हातात कोंबत अहिराणीत म्हणाल्या, "काय व्हयनं व पोरी तुले? बठ्ठा त्या कॉलेजना खेळ शे!"

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गावर दुसरीच ताई उभी होती.

"उपासनेत सगळ्यांसमोर साक्ष दे," मावशी म्हणाल्या. "प्रभूने शंका दूर केली म्हण. वर्ग तुझाच."

"पण दूर झालेली नाही."

"तोंडाने तर म्हण. मन मागून येतं."

"तुम्ही म्हणाला होतात, आपल्या दोघींत."

"अगं, देवालाच तर सांगितलं!"

साक्षीच्या वेळी मी उभी राहिले. "मला अजून कळलेलं नाही," मी म्हणाले. "कळलं नाही तरी मी येत राहणार आहे." कुणी आमेन म्हणालं नाही. पेटीवाल्यांनी घाईघाईने पुढचं गीत सुरू केलं.

वर्ग मला परत मिळाला नाही. मागच्या खोलीतून मुलांचा आवाज येतो: पहिला दिवस, दुसरा दिवस. दारात मावशी विचारतात, "कशी आहेस?" मी "बरी" म्हणते आणि चपला शोधायला लागते.

प्रार्थना मी सोमवारी जळगावच्या बसमध्ये करते. खिडकीशी बसून, मनातल्या मनात, डोळे उघडे ठेवून.