हंडीपेक्षा डोण बरी

“मासा उताना झालाय. रावसायेब म्हनत्यात, असाल तसे या.”

धोंडिबा गड्याने हा निरोप आणला तेव्हा मी एका गाईला पोटफुगीवर तेल पाजत होतो. गाय, गाईचा मालक आणि मी असे तिघेही तेलाने माखलो होतो. मालकाने आधी धोंडिबाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“डाक्टर, तुमी माश्याचं बी करता व्हय?”

“करावं लागतं,” मी म्हणालो आणि असेन तसा निघालो.

मी तेव्हा भोर संस्थानात व्हेटरनरी असिस्टंट होतो. कागदावर व्हेटरनरी असिस्टंट, गावात ढोरडाक्टर. माझ्या डिप्लोम्यात बैल होता, म्हैस होती, घोडा, शेळी, कुत्रासुद्धा होता. मासा कुठेच नव्हता. तरी मी धावत होतो, कारण प्रश्न वेल्ह्याचा होता.

तो असा. आमचे वरिष्ठ रावसाहेब. गुरे, कोंडवाडे, पाणवठे, म्हणजे दुसऱ्या कोणाला नको असलेली सगळी खाती त्यांच्याकडे. माणूस सज्जन, पण तापट. राग आला की ते आधी दौत ढकलायचे, मग हातातली फाईल भिरकावायचे आणि मग ओरडायचे, “तुमची बदली वेल्ह्याला!” वेल्हे त्या वेळी फार लांब होते. आजही आहे, पण तेव्हा वाटेत चिखलही जास्त होता. पावसाळ्यात एकदा माणूस तिकडे गेला की दिवाळीलाच परत दिसायचा. आमच्या कचेरीतला प्रत्येक जण तोंडी तोंडी वेल्ह्याला जाऊन आला होता. माझी पाळीही तीनदा येऊन गेली होती. पण या खेपेला वेल्ह्याचा ढोरडाक्टर खरोखरच पेन्शनीत निघाला होता आणि जागा खरोखरच रिकामी होती.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिने पायसुद्धा थांबवला नाही.

“तुम्ही जा हो खुशाल. मी आणि मशीन इथेच.”

अशात रावसाहेबांच्या पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांचे ब्लडप्रेशर पाहिले आणि औषधाबरोबर एक सल्ला दिला. रोज अर्धा तास मासे बघत बसायचे. नदीवर जाऊन नव्हे, घरात, काचेतले. गोल्डफिश म्हणून लालसोनेरी मासे मिळतात, त्यांच्याकडे पाहिले की माणूस थंड होतो म्हणे.

रावसाहेबांनी मला बोलावले.

“तुम्ही जनावरांचे डॉक्टर. मासा हे जनावर आहे की नाही?”

“आहे, साहेब.”

“मग मुंबईला जा आणि चांगले पारखून आणा. आणि हे बघा डॉक्टर, ते मेले तर वेल्ह्याची जागा रिकामीच आहे.”

मुंबईच्या मंडईत माशांच्या दुकानात उभा राहिलो तेव्हा मला दोन जाती दिसल्या. एक सडपातळ, लांबट, एक शेपटीची. साधी. दुसरी गोल पोटाची, दुहेरी शेपटीची. तिच्यातल्या काहींचे डोळे डोक्याबाहेर आलेले, काहींच्या डोक्यावर मांसाचा उंचवटा. मला माशातले काही कळत नव्हते, पण बैलातले कळत होते. बैल घेताना आपण काय पाहतो? छाती रुंद हवी, पोट भरलेले हवे, डोळे मोठे हवेत, वशिंड उठावदार हवे. त्या हिशेबाने साधा मासा म्हणजे दुष्काळातला गोऱ्हा. गोल मासा मात्र भरगच्च, डोळे तर इतके मोठे की आत मावत नव्हते. आणि डोक्यावरचा तो उंचवटा म्हणजे वशिंडच. जागा थोडी चुकली होती इतकेच.

“जरा चालवून दाखवा,” मी म्हणालो.

दुकानदाराने काचेवर टिचकी मारली. गोल मासा लग्नात जेवून उठलेल्या व्याह्यासारखा डुलत डुलत पुढे गेला. मी बेहद्द खूश झालो. एक डोळेवाला आणि एक वशिंडवाला पसंत केला.

आता सौदा. आमच्याकडे गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटे दाबून काय ते ठरवायचे, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मी सवयीने रुमाल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि आत त्याची दोन बोटे दाबली. त्याने हात हिसडून घेतला आणि मागच्या भिंतीला जाऊन टेकला. मी पुन्हा रुमाल पुढे केला. तेव्हा त्याने मी दिले तेवढे पैसे मुकाट्याने घेतले, वर दोन साधे मासेही डब्यात टाकले आणि दारापर्यंत पोचवायला आला. सौदा एवढा पटकन माझा जन्मात कधी झाला नव्हता.

पुण्याहून भोरच्या सर्व्हिस मोटारीत डबा मांडीवर घेऊन बसलो. कात्रजच्या घाटात मोटार तापली. ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडले आणि पाणी म्हणून नेमका माझाच डबा उचलला.

“अहो, अहो, त्यात मासे आहेत!”

“किती हायेत?”

“चार.”

“मग आर्धं पानी चालंल की त्यास्नी.”

डब्यासाठी आमची ओढाताण चालली असताना मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी आत डोकावून पाहिले.

“भोरला नीरामाय भरून वाहती, अन् ह्यो बाबा मुंबईचं मासं आणतोय. ते बी इवलं इवलं. कालवान बी व्हायचं न्हाई रं!”

कामथडी येईपर्यंत सगळ्या मोटारीने माशांचे कालवण करून, त्याला चव नसणार असा निकालही देऊन टाकला होता.

रावसाहेबांनी तोवर माशांची सोय करून ठेवली होती. दिवाणखान्यात छताला टांगलेली दिव्याची मोठी काचेची हंडी त्यांनी उतरवली होती, तिवईवर बसवली होती आणि काठोकाठ भरली होती. हंडी म्हणजे पोट मोठे आणि तोंड लहान. त्यात चौघे फिरायला लागले तेव्हा दिवाणखाना खरोखरच उजळला. रावसाहेब समोर खुर्ची टाकून बसले आणि पहिल्यांदा मला “शाबास” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले.

“बघा डॉक्टर, माझ्याशी बोलतात!” रावसाहेब म्हणाले आणि तेही त्यांच्याशी बोलू लागले.

ही बातमी गावात पसरली. ज्याचा म्हणून अर्ज रावसाहेबांकडे अडकला होता तो मासे बघायला येऊ लागला आणि रिकाम्या हाताने कसे यायचे म्हणून कुरमुरे आणू लागला. आधी मूठभर कुरमुरे हंडीत, मग अर्ज रावसाहेबांच्या हातात. चौथ्या दिवशी डोळेवाला मासा फुगून उताणा झाला. मी तेल पाजत असताना धोंडिबा आला तो याच दिवशी.

मी पोचलो तेव्हा रावसाहेब लाल झाले होते आणि मासा त्यांच्यापेक्षा फिका दिसत होता. माईसाहेब, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या.

“पोटफुगी आहे,” मी म्हणालो. हे निदान मी त्या दिवशी दुसऱ्यांदा करत होतो.

“गाईला पोटफुगी झाली तर काय करता?”

“तेल पाजतो. नाहीच उतरली तर डाव्या कुशीत ट्रोकार खुपसून हवा काढतो.” ट्रोकार म्हणजे पोकळ नळीची जाड सुई. मी बॅगेतून काढून दाखवली. ती माशापेक्षा वीतभर लांब होती.

“अहो, तो मासा आहे,” माईसाहेब म्हणाल्या, “भरली वांगी शिजली का बघताय?”

मी ट्रोकार गुपचूप आत ठेवला आणि जनावरांच्या डॉक्टराला जी एक ट्रीटमेंट कधी दगा देत नाही ती सांगितली. लंघन. माशांना उपास आणि अर्जदारांना बंदी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मासा सुलटा झाला. पण तोंडे उघडमीट काही थांबेना. चौघेही पाण्याच्या वरच्या थराला चिकटून, दम लागल्यासारखे.

मी हंडीसमोर बसून विचार केला. गोठा बघायला गेलो की मी पहिल्यांदा काय विचारतो? गुरे किती आणि वारा कुठून येतो. पाण्यातल्या माशालाही हवा लागते आणि ती पाण्यात शिरते वरून, जिथे पाणी उघडे असते तिथून. या हंडीचे पोट घागरीएवढे, पण तोंड ताटलीएवढे. एका ताटलीवर चार जण श्वास घेत होते. ते रावसाहेबांशी बोलत नव्हते. गुदमरत होते.

हे रावसाहेबांना कसे सांगावे याचा मी बराच वेळ विचार केला.

“साहेब, ते बोलतात हे खरंच. पण ते म्हणतात, जागा बदला.”

“म्हणजे?”

“तोंड रुंद हवं. खोली कमी चालेल.”

“मग काय, परातीत ठेवू?”

मी खिडकीतून बोट दाखवले. परसात आंब्याच्या सावलीला दगडी डोण होती. लांब, रुंद, उथळ. रावसाहेबांची म्हैस चंद्री तिच्यात पाणी प्यायची.

“आणि चंद्री कशात पिणार?” माईसाहेबांनी विचारले. “हंडीत?”

चंद्रीला घंगाळ मिळाले. डोण नुसत्या पाण्याने धुतली, भरली, दोन दिवस पाणी निवळू दिले. पण डोळेवाला आणि वशिंडवाला यांचे तिथे जमेना. दगडाला डोळे घासायचे, आणि खायला टाकले की साधे दोघे चटकन येऊन सगळे फस्त करायचे; हे दोघे डुलत पोचेपर्यंत पंगत उठलेली असायची. गोल मासा हा नाजूक, तो जाणत्याने पाळायचा. नवशिक्याला साधाच बरा. मुंबईच्या दुकानदाराने मला भिऊन फुकट दिले होते तेच खरे घ्यायचे मासे होते.

“मग या दोघांचं काय करायचं?”

“पुण्याच्या डॉक्टरांना भेट पाठवू,” मी म्हणालो. “माशांचा सल्ला त्यांचाच होता.”

रावसाहेब हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले. मासे पुण्याला गेले. पुढे त्या डॉक्टरांचेच ब्लडप्रेशर वाढले असे ऐकतो.

आता सगळे ठीक व्हायला हरकत नव्हती. पण चंद्रीला घंगाळ पसंत नव्हते. एका सकाळी तिने दावे तोडले आणि थेट डोण गाठली. मी पोचलो तेव्हा तिचे पोटभर पाणी पिऊन झाले होते आणि धोंडिबा पाण्यात वाकून बघत होता.

“रावसायेब, येकबी मासा दिसंना. म्हशीनं प्याले जनू.”

रावसाहेबांचा चेहरा जुन्या रंगाला आला. “डॉक्टर, म्हशीच्या पोटातून मासा काढता येतो?”

“येतो, साहेब. पण नंतर मासा राहील की म्हैस, हे सांगता येत नाही.”

“मासे दिसले नाहीत तर आज दुपारच्या आत वेल्हे!”

मी बाही वर सरकवली. म्हशीने एवढ्या घाईत गिळलेच असेल तर तोंडात काही शिल्लक असेल, या आशेने चंद्रीची जीभ बाजूला धरून हात कोपरापर्यंत आत घातला. आत मासा नव्हता. पेंड होती, भरपूर. चंद्रीने असा अपमान कधी सोसला नव्हता. तिने मान झटकली. माझ्या हातावरची, तिच्या तोंडातली, सगळी पेंड उडाली. थोडी रावसाहेबांच्या टोपीवर गेली आणि उरलेली डोणीत.

मग डोणीच्या कोपऱ्यातल्या शेवाळातून एक लाल तोंड बाहेर आले. त्याच्यामागे दुसरे. दोघांनी पेंडीचे कण टिपायला सुरुवात केली. तोवर चंद्रीने पुन्हा तोंड खाली घातले होते आणि मासे तिच्या नाकपुडीखाली, मिशांना लागून, निवांत नाश्ता करत होते.

रावसाहेब जवळच्या पालथ्या पाटीवर हळूच बसले. टोपीवरची पेंड त्यांनी पुसलीसुद्धा नाही.

“माई,” ते म्हणाले, “चहा इकडेच पाठवा.”

त्या दिवसापासून ते रोज सकाळी त्या पाटीवर बसू लागले. समोर म्हैस रवंथ करतेय, पाण्यात मासे फिरतायत. माणूस थंड होत गेला. कचेरीत दौत जागेवर राहू लागली. शिरस्तेदारांनी मला चहा पाजला. चपरासी मला बघून उठून उभा राहू लागला. घरी बायकोने मशीनवर माझ्यासाठी सदरा शिवला, आणि मशीन तिने भिंतीलगत कायमचे बसवून घेतले.

आता इथे कचेरीचे एक गुपित सांगायला हवे. रावसाहेब रागात बदली करायचे, पण ज्याची बदली करायची त्याचीच फाईल त्याच रागात भिरकावून द्यायचे. चपरासी ती उचलून कपाटात कोंबायचा आणि संध्याकाळपर्यंत साहेब विसरलेले असायचे. म्हणून तर कोणीच वेल्ह्याला गेले नव्हते. शांत झाल्यावर त्यांनी कपाट उघडायला लावले आणि एकेक फाईल नीट वाचायला घेतली.

एक दिवस मला बोलावणे आले.

“या डॉक्टर, बसा.” तोवर त्यांनी मला कधी बसा म्हटले नव्हते. “तुम्हाला मी रागाच्या भरात वेल्ह्याची भीती घालत आलो. माझं चुकलंच.”

“छे छे, साहेब.”

“नाही, चुकलंच. असले निर्णय रागात घ्यायचे नसतात. आता मी अगदी शांत डोक्याने विचार केला. तिकडच्या गुरांना तुमच्यासारखाच माणूस हवा.”

आणि त्यांनी ऑर्डरवर सही केली. सावकाश, सुंदर अक्षरात, एकही डाग न पाडता.

मोटार मार्गासनी गावापर्यंतच जायची, तिथून पुढे मी बैलगाडीने गेलो. शेजारी बायको होती, मांडीवर शिवणाच्या मशीनचे डोके धरून.

नवीन माणसाने मासे पाळायचे असतील तर एक शेपटीचे साधे घ्यावेत, भांडे रुंद तोंडाचे घ्यावे आणि खायला कमी टाकावे. मात्र साहेब तापट असेल तर त्याला मासे आणून देऊ नयेत.