पिवळ्या खुणेचा पाइप

मला फसवणारा माणूस अनोळखी असता, तर चार शिव्या हासडून मी विसरूनही गेलो असतो. हा आयटीआयपासूनचा मित्र. माझ्या डब्यात जेवलेला, माझ्या धाकट्या बहिणीकडून दर वर्षी राखी बांधून घेणारा. म्हणून अजून आठवलं की डोकं फिरतं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याचं भोसरीत गॅरेज. माझी टर्बो पेट्रोल गाडी त्यानंच बनवली होती. मूळचा पाइप काढून मोठा, मोकळा पाइप टाकला आणि इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं. गाडी अशी काही उचलायची की बास. फक्त पीयूसीला ती पास होणं शक्य नव्हतं, कारण धूर साफ करणारी जाळी त्या मूळच्या पाइपातच होती. म्हणून दर वर्षी आमचा एक रविवार ठरलेला. जुना पाइप चढवायचा, सॉफ्टवेअर मूळचं टाकायचं, पीयूसी काढायची, वडापाव हाणायचा आणि परत सगळं उलटं करायचं. माझ्या ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये पाइप ठेवायला जागा कुठली? तो त्याच्याकडेच पडून असायचा. ठेवताना मी त्यावर पिवळ्या पेंटची रेघ ओढायचो, आमच्या लाइनवर तपासलेल्या मालावर ओढतात तशी.

या वर्षी मात्र तो पाइप कायमचाच बसवायचा होता. बहिणीला तळवड्यात नोकरी लागली होती, सेकंड शिफ्टची. बाबांची एकच अट, रात्री स्वतःच्या गाडीनं येणार असशील तरच जायचं. मी म्हणालो, माझी घे. विमा संपलेला, आणि पीयूसीशिवाय एजंट कागद पुढे सरकवेना. सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. हे सगळं मी मित्राला सांगितलं होतं.

"आपल्या बहिणीसाठी ना? मग काय राव, घरचंच काम," तो म्हणाला.

रविवारी त्यानं पाइप काढून दिला. मी पिवळी रेघ बघितली आणि म्हणालो, चढव. खूण दिसली की माल पुन्हा तपासायचा नाही, ही कंपनीनं अंगात मुरवलेली सवय. आत बॅटरी मारून बघायची बुद्धी काही झाली नाही मला.

पंपाजवळच्या पीयूसीच्या व्हॅनपाशी गेलो. गाडी बहीणच चालवत होती, तिला हात बसायला हवा म्हणून.

"नंबर प्लेटचा फोटो काढतो, देऊन टाकतो. नळी कशाला घालायची?" व्हॅनवाला म्हणाला.

"नळी घाला," मी म्हणालो. "या खेपेला गाडी सरळ आहे."

काय तोरा होता माझा. त्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, बहिणीला रेस धरायला सांगितलं, आणि आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. इंजिन अजून गरम करून परत बघितलं. तेच.

"मशीननं फेल नोंदवली भाऊ. आता माझ्याही हातात नाही," तो म्हणाला.

तशीच गाडी भोसरीला घेतली. मित्रानं वाटेत नट ढिले झाले असतील वगैरे सुरू केलं, पण मी पाइप उतरवायलाच लावला. एका टोकाला डोळा लावला तर पलीकडून त्याचे बूट दिसले. आत जाळीच नव्हती. मग ती पिवळी रेघ नीट बघितली. मी डावखुरा, माझी रेघ नेहमी डावीकडे कलते. ही उजवीकडे कललेली होती, आणि वर्षाची धूळ बसून मळायची सोडून नुकती ओढल्यासारखी चकचकत होती.

"ही कुणी ओढली?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग बोलला. माझा पाइप तो वर्षभर अशाच गाड्यांच्या गिऱ्हाइकांना पीयूसीपुरता चढवून देत होता. एक जण तो तसाच घेऊन पसार झाला आणि स्वतःचा, बाहेरून तसाच दिसणारा पण आतून पोकळ पाइप ठेवून गेला.

"मग मला सांगायचं ना," मी म्हणालो.

"अरे, मला वाटलं व्हॅनवाला फोटोच काढेल. सगळे तेच करतात. तू नळी घालायला लावशील हे कुणाला माहीत, भावा?"

म्हणजे चूक माझीच. पाइपाचं मला काही नव्हतं, पाइप दुसरा मिळतो. पण माझ्या हाताची खूण त्यानं थंड डोक्यानं ओढली होती, मी तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकणार हे पक्कं माहीत असताना. ते मला अजून सहन होत नाही.

बहीण दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं त्याला एवढंच विचारलं, "गाडी माझ्यासाठी आहे हे तुला माहीत होतं ना?"

"होतं गं," तो म्हणाला.

नवा पाइप बाहेरून मागवावा लागला. तो येईपर्यंत सोमवार गेला, तिच्या कंपनीनं थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. बाबा "जाऊ दे, दुसरी मिळेल" म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं होतं. गाडी नंतर झाली पास, अगदी नळी घालून. आता ती पार्किंगमध्ये उभी असते.

राखीला ताटात एकच राखी होती. मला वाटलं, बरं झालं, तिनं त्याला मनातून काढून टाकलं. तिनं राखी बांधली, पेढा भरवला, आणि माझा हात न सोडताच म्हणाली, "दादा, तू तरी एकदा आत बघायचंस ना."