उणे अठरा डिग्रीतला स्वेटर

दिग्रसच्या बाहेर पूर्वी कापसाची एक जिनिंग होती. ती बंद पडल्यावर आमच्या शेठनी त्या जागेवर शीतगृह काढलं आणि मला माझी पहिली नोकरी तिथेच लागली. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा यायच्या. बाया त्या सोलायच्या, दाणे उकळत्या पाण्यातून काढून गोठवायचे, पिशव्यांत भरायचे, पिशव्या खोक्यांत, आणि खोकी दुबईला. माझं काम मोजणीचं. बी.एस्सी. झालेली, गळ्यात ओळखपत्र, त्यामुळे मी जरा ताठच चालायची.

सोलणाऱ्या बायांत माझी याडी होती. याडी म्हणजे आई. आम्ही बंजारा, आर्णीकडच्या तांड्यावरचे. घरी ती मला पाठीत धपाटा घालून उठवायची, पण फॅक्टरीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "मॅडम" म्हणायची. "मॅडम, मी हात धुतले. पाहून घे." तिच्या त्या मॅडममध्ये कौतुक किती आणि टिंगल किती, हे मला कधी कळलं नाही.

पहिला कंटेनर आला तेव्हा अर्धं गाव पाहायला आलं. पांढराशुभ्र, एका खोलीपेक्षा लांब, पुढच्या भिंतीत घरघरणारं यंत्र. आत उणे अठरा डिग्री. ड्रायव्हर सांगलीकडचा, बोलायला मऊ पण नियमाला कडक. शेठ आत अगरबत्ती लावायला निघाले तर त्याने हात धरला. "शेठ, मालाला वास लागतो. बाहेर लावा." शेठनी टायरपाशी लावली.

माल भरायला आत जाणाऱ्या बायांसाठी शेठनी जाकिटं आणली होती, सगळी एकाच मापाची, आणि ते माप कुठल्यातरी पैलवानाचं असावं. बाह्या गुडघ्यापर्यंत. बाया अस्वलांसारख्या डुलत खोकी आत नेऊ लागल्या. याडीने जाकिटावरून पदर घेतला आणि कमरेला खोचला. भिंतीवर एक लाल रेघ होती, तिच्या वर खोकी रचायची नाहीत, नाहीतर थंड वारा फिरत नाही. मी दारात उभी राहून मोजत होते. थोड्या वेळात पेनाची शाई गोठली, मग मी खडूने पाटीवर रेघा मारल्या. शेवटी यादीपेक्षा एक रेघ जास्त भरली. मला वाटलं, गारठलेल्या बोटांनी एक रेघ उगाच ओढली असेल. मी यादीतला आकडा लिहिला आणि सही केली. दाराला सील लागलं, त्याचा नंबर कागदावर चढला, कंटेनर गेला.

दुपारी आम्ही उन्हात भाकरी खायला बसलो. याडी म्हणाली, "मॅडम, थे गाडी किती दिसानं पोचते?"

"पंधरा-वीस दिवस."

"मंग लाडू टिकतीन."

माझा घास तोंडातच राहिला. "कोणते लाडू?"

"तिळाचे. आन ठेचा. एका खोक्यात भरून ठेवले न मी."

"याडी! कायले ठेवले?"

"अवं, गाडी दुबईले चालली न? मह्या भावाचा पोरगाही दुबईलेच हाये. किराणावाल्याकून पत्ता लिहून घेतला खोक्यावर. मोबाईल नंबरही टाकला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आतमंधी लय गारठं हाये, म्हून डब्याले स्वेटर गुंडाळला. दोन दिवस झाले, खोकं थंड्या खोलीतच लपवून ठेवलतं."

मी भाकरी तशीच टाकून शेठकडे पळाले. ते फोनवर कोणत्यातरी साडूला कंटेनरची लांबी सांगत होते. माझं ऐकून त्यांनी फोन न कापताच खाली ठेवला. यादीत नसलेला एक दाणाही दुबईच्या बंदरात सापडला तर सगळा माल परत, एवढं आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

"मोजणी कोणं केली?" त्यांनी विचारलं.

"मी."

ते ड्रॉवर उघडून नवीन सील शोधू लागले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शेठची गाडी लग्नाला यवतमाळला गेली होती. राहिली माझी स्कूटी. शेठ नवीन सील खिशात घालून मागे बसले, तेवढ्यात याडी आली. "मीही येतो. खोकं मलेच ओयखू येईन." शेठ नको म्हणेपर्यंत ती आमच्या मधोमध शिरली होती. मी पुढे, मध्ये याडी तोंडावर पदर ओढून, मागे शेठ अर्धे हवेत. दारव्हा रोडवरच्या प्रत्येक गतिरोधकावर शेठ "अगं, हळू" म्हणायचे आणि याडी पदराआडून मला सांगायची, "शेठजी पडून राह्यले."

ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. दारव्ह्याच्या अलीकडे एका ढाब्यावर कंटेनर उभा दिसला. यंत्र घरघरत होतं आणि ड्रायव्हर वांग्याच्या भाजीवर वाकला होता.

"ताई, सील तोडायचं?" माझं ऐकून तो उठून उभाच राहिला. "म्हणजे काय खेळ आहे का?"

शेठनी हात जोडले. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून कटर आणला, सील तुटलं आणि दार उघडताच पांढरी वाफ जमिनीवर लोटली. ढाब्यावरचे दोघे ताट घेऊन मागे सरकले. याडी जाकीट न घालताच वर चढली, दुसऱ्या रांगेतलं वरचं खोकं उचललं आणि निघताना बाकीची खोकी सरळ करत बसली.

"मावशी, दार लावायचंय! आतलं टेम्परेचर चढतंय!" ड्रायव्हर ओरडला.

"आली न बाप्पा! वाकडं ठेवून जाऊ का?"

नवीन सील लागलं. मी कागदावर नंबर बदलला, शेठनी मुंबईच्या एजंटला फोन करून सगळं खरं सांगितलं. पलीकडच्या माणसाने 'लाडू' हा शब्द दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "नवीन नंबर पाठवा. आणि त्या बाईंना घरी ठेवा."

मग खोकं उघडलं. याडीने स्वेटर परवाच धुतला होता आणि तो पुरता वाळला नव्हता. तो गोठून फळीसारखा झाला होता. तिने तो ढाब्याच्या बाकाला टेकवला तर एक हात वर करून तसाच उभा राहिला, जणू एसटी थांबवतोय. लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढले. शेठना भूक लागली होती, त्यांनी लाडू तोंडात टाकला. दात उमटला नाही. दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. शेवटी त्यांनी तो काखेत धरला आणि दिग्रस येईपर्यंत तसाच धरून ठेवला. ठेचा ड्रायव्हरने मागून घेतला. तो म्हणाला, मुंबईपर्यंत वितळेल.

कंटेनर सुखरूप पोचला. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, शेठनी सगळ्या बायांना बसवून नियम सांगितले.

"कंटेनरात मालाशिवाय काहीच ठेवायचं नाही. काहीच."

"चिठ्ठीही नाही?" एकीने विचारलं.

"नाही."

"रिकामी पिशवी?"

"नाही!"

याडीने हात वर केला. शेठनी डोळे मिटले.

"शेठजी, काही ठेवत नाही आम्ही. पण खोक्यावर बोटानं 'राम राम' लिवलं तं चालते का?"

शेठनी नियमांचा कागद दुमडून खिशात ठेवला. मग मला म्हणाले, "पोरी, चहा सांग सगळ्यांले." मी पाठ फिरवून दाराबाहेर गेले आणि भिंतीला टेकून पोट धरून हसले.