शेवटच्या रांगेतली सगुणाबाई

मोहिनी पाच वर्षांची असताना तिचे वडील भिमाजी ट्रक घेऊन सुरतेला गेले, ते परतलेच नाहीत. तिकडे त्यांनी दुसरं घर केल्याचं कळलं, तेव्हा देवळाली कॅम्पातली त्यांची ख्रिस्ती प्रार्थना मंडळी जमली. ही मंडळी जेमतेम चाळीस-पन्नास घरांची, पण नियमांना भारी कडक. बायकांनी दागिना घालायचा नाही, सिनेमाला जायचं नाही आणि नवऱ्यावाचून एकटीनं राहायचं तर नाहीच.

"सगुणाबाई, लेकीला घेऊन दिराकडे जा. आता तोच तुमचा आधार," मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकांनी निकाल दिला.

दिराची नजर कशी आहे ते सगुणाबाईला पुरतं ठाऊक होतं. चारचौघांत ते सांगायची सोय नव्हती. ती एवढंच म्हणाली, "माझा आधार मीच हाय, पाळकसाहेब."

त्यानंतरच्या रविवारपासून तिचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत सगळ्यांना मिळणारी प्रभूची भाकर, बंद झालं. भाकरीचं ताट रांगेतून फिरत यायचं आणि तिला ओलांडून पुढं जायचं.

बाजारामागं पत्र्याची खोली घेऊन तिनं फौजी वर्द्या धुऊन, कांजी घालून, इस्त्री करून द्यायला सुरुवात केली. इस्त्रीच्या निखाऱ्यांनी मनगटं पोळलेली असायची. तरी रविवार उजाडला की पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती मोहिनीसह निघायची. चपला काढायच्या तिथं, अगदी शेवटच्या रांगेत बसायची आणि गाणी मात्र सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायची.

दहावीत गेल्यावर मोहिनीला हे सहन होईना. "ते आपल्याला माणसांत धरत नाहीत आई. कशाला जातेस तिथं?"

"देव काय त्यांनी इकत घेतलाय? माझं बोलणं त्याच्याशी हाय. मधी कोण आडवं बसलंय ते मी बघत नाय."

मोहिनी अठराची झाली तसं पाळकांनी तिच्यासाठी एका बिजवराचं स्थळ आणलं. सगुणाबाईनं ते मोडलं आणि लेकीला नाशिकला नर्सिंगला घातलं. मंडळीतली पोर परक्या पुरुषांची अंगं पुसणार, म्हणून गहजब झाला. मग मंडळीनं सगुणाबाईशी बोलणंच बंद केलं. रंगूबाई ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण, मंडळीतलीच, शेजारच्याच खोलीत राहणारी. तीसुद्धा नळावर दिसली की तोंड फिरवायची. सुट्टीवर आलेल्या मोहिनीनं एकदा आईला भरल्या हंड्याशी उगाचच थांबलेली पाहिलं. रंगूबाई काही बोलेल म्हणून ती थांबली होती.

मोहिनीला नोकरी लागली त्याच्या पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, सगुणाबाईच्या पोटात गाठ निघाली. तिनं दुखणं किती दिवस अंगावर काढलं होतं कोण जाणे. डॉक्टरांनी हात टेकले. ते कळताच पाळक दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन दवाखान्यात आले. पांढऱ्या फडक्यात भाकर होती.

"बहिणी, तुमचं चुकलं एवढं कबूल करा. मी माझ्या हातानं भाकर देतो. मंडळीच्या जागेत मातीही मिळेल."

सगुणाबाईनं त्या फडक्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांतली भूक मोहिनीला बघवेना.

"म्हण ना आई," ती रडकुंडीला आली. "दोन शब्दांचं तर काम आहे."

"म्हटलं आसतं," सगुणाबाई दमून म्हणाली. "पण मग तुला शिकवली ती बी चूकच ठरंल. ते माझ्या तोंडून यायचं नाय."

पाळकांनी फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि ते निघून गेले. सगुणाबाई भिंतीकडं वळली. आठवड्याच्या आतच गेली.

दुसऱ्या एका चर्चच्या फादरनी त्यांच्या दफनभूमीत जागा दिली. मोहिनीसोबत दवाखान्यातल्या चार नर्सा होत्या. मंडळीतलं कुणी आलं नाही. पेटी खाली उतरवल्यावर मात्र फाटकातून रंगूबाई एकटीच आत आली.

"मी बोलाया पाहिजे होतं गं," ती म्हणाली. "रोज वाटायचं. रोज भ्यायची."

मोहिनीला तिला माफ करता आलं नाही. पण ती बाजूला सरकली आणि तिनं रंगूबाईला माती टाकू दिली.