तोंडात रुमाल

दुबईत करामाजवळच्या मैदानावर शाळेची फुटबॉल मॅच असली की एक कोल्हापूरकर बाप माझ्या शेजारी तोंडात रुमाल कोंबून मोबाइल धरायचा. बारावीतल्या लेकीला खेळावर अमेरिकेत कॉलेज मिळावं म्हणून तिथल्या कोचना व्हिडिओ पाठवायचा.

"रुमाल कशाला?" मी विचारलं.

"पहिल्या व्हिडिओत पोरीपेक्षा माझ्या शिव्याच जास्त."

"कोचला मराठी कुठे कळतंय?"

"शिवी कुठल्याबी भाषेत कळती."

पुढे एका कॉलेजने तिला घेतलं. शेवटच्या मॅचला मोबाइल, रुमाल दोन्ही खिशातच होते. गोल मारून लेक त्याच्याकडे वळली. "बाबा, शाउट ना!"

त्याने तोंड उघडलं. मग माझा दंड धरून म्हणाला, "तुम्हीच वरडा की हो. माझा आवाजच निघंना."

मी ओरडलो. शिवीसकट.