गोदूबाईचा डावा कान

नारळाची एक कवड खवून झाली होती, दुसरी खवणीला लावणार एवढ्यात माजघरातून कमळाचं कण्हणं ऐकू आलं आणि मालनने हातातलं तसंच खाली ठेवलं. कमळा तिची धाकटी जाऊ. याआधी दोनदा तिची कूस भरून रिकामी झाली होती. दीर हरिश्चंद्र बोटीवर, दूर कुठल्याशा बंदरात. घरात सासूबाई धरून तिघी बायकाच, म्हणून सकाळीच मिऱ्याच्या खालच्या वाडीतून गोदूबाईला बोलावून आणलं होतं.

गोदूबाई म्हणजे काटक, काळीसावळी, कपाळावर कुंकू नसलेली बाई. मूळची मालगुंडची. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा समुद्राने नेला. मग सासूच्या मागे मागे फिरून तिने सुईणपण शिकून घेतलं. तिच्या हाताचं कौतुक सगळीकडे होतं, पण मालनला अप्रूप वाटे ते तिच्या कानाचं. गरोदर बाईच्या पोटावर ती डावा कान टेकवी आणि डोळे मिटून घेई, जशी एखादी देवापुढे मिटते.

"उजव्या कानाने का नाय ऐकत?" मालनने एकदा विचारलं होतं.

"तो तुमच्या चहाड्या ऐकून बधिर झालाय गो!"

काळजाच्या आवाजाला गोदूबाईकडे एकच नाव नव्हतं. पोटातल्या बाळाचा तो 'ठोका'. पहिलटकरणीच्या छातीत होते ती 'धडधड'. तिला औषध एकच, हात धरून बसणं. ओटीवर येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्याला लागते ती 'धुकधुकी', आणि तिला गोदूबाई अजिबात भीक घालत नसे. पोटातला ठोका मंदावला की मात्र ती क्षणभरही थांबत नसे. "माझ्या हातातलं नाय हे, गाडी जोडा नि इस्पितळात न्या," असं स्वतःच सांगे, आणि गाडीत बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसे.

आज सकाळपासून ठोका चांगला होता. पण शेवटची कळ लांबली. मूल बाहेर आलं ते निळसर, ओल्या फडक्यासारखं लुळं. रडलं नाही.

"थाळी आण, थाळी!" सासूबाई ओरडल्या. मूल रडलं नाही तर त्याच्या कानाशी पितळेची थाळी बडवायची, ही घरची रीत. मालनने धावत थाळी आणली आणि पळीने बडवायला घेतली. घर दणाणलं. मूल हललं नाही.

"जोरात वाजव! आणि गोदू, तू ती नाळ काप ना, काय बघत बसलीस?"

गोदूबाईची दोन बोटं नाळेवर होती. "नाळ अजून उडतेय, वयनी. आईकडून त्याला अजून मिळतंय. नाय कापायची." मग मालनकडे न बघता म्हणाली, "थाळी खाली ठेव गो. मला ऐकू दे."

"नको ठेवू!" सासूबाई म्हणाल्या. "सात पिढ्या वाजवत आल्यात."

या घरात मालनने सासूबाईंचा शब्द कधी मोडला नव्हता. तिने कमळाकडे पाहिलं. कमळा विचारत नव्हती, नुसती छताकडे बघत होती, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. मालनने पळी टाकली. थाळी पदरात दाबून धरली, म्हणजे तिचा नादही उरू नये.

घर निःशब्द झालं. गोदूबाईने डावा कान त्या चिमुकल्या छातीवर टेकवला. मालन मनात गावदेव भैरीचं नाव घेत राहिली.

"हाय," गोदूबाई हळूच म्हणाली. "धुगधुगी हाय."

मग तिचे हात घाईला लागले. बोटाला फडकं गुंडाळून तिने मुलाच्या तोंडातला चिकटा काढला. पाठ चोळली, पावलं चोळली. नाकातोंडावर तोंड ठेवून अगदी हलकी फुंकर घातली, पुन्हा घातली, मध्येच कान लावला, पुन्हा फुंकर.  सासूबाईंनीही हात जोडले होते.

मूल शिंकल्यासारखं झालं. मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक सूर, आणि त्यामागून असा टाहो की कमळा हसू लागली आणि हसता हसता रडू लागली.

"पोरगी हाय. आवाज आजीवर गेलाय," गोदूबाई म्हणाली.

नाळेचं उडणं पुरतं थांबल्यावरच तिने ती बांधून कापली. सासूबाई देवाला गाऱ्हाणं घालायला उठल्या.

"घाला, घाला. पावलाच तो. पण आधी मला चहा टाका, वयनी, घसा सुकला."

चहा सासूबाईंनी स्वतः केला आणि कप स्वतः तिच्या हातात दिला.  मग मालनच्या पदरातून थाळी काढून घेतली आणि फळीवर पालथी ठेवली.

हातपाय धुऊन, पदर खोचून गोदूबाई पायरी उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"आता घरी जाऊन पड जरा," मालन म्हणाली.

"पडते कसली! मांडवीला बिल्किसचे दिवस भरलेत. तिला बघायला जायचंय."